आधी रक्त, मग बाटली

उसाच्या रसाला तार सुटली की आमची आई तो गटारात ओतायची आणि वर त्या रसालाच दोन शिव्या हासडायची. एकदा खीर करायची म्हणून तिने भांडुपच्या नाक्यावरून तांब्याभर रस आणला आणि नेमके पाहुणे आले. रस तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पळी बुडवली तर तो शेंबडासारखा लांबला.

मी तेव्हा मायक्रोबायॉलॉजी शिकत होते, त्यामुळे जिभेला हाड नव्हतं. म्हटलं, "आई, या तारेचं औषध होतं. जंतू साखरेचे कण ओवून लांब माळ करतात. ती शुद्ध करून, हवी तेवढी आखूड करून बाटलीत भरतात. डेक्सट्रान म्हणतात त्याला. खूप रक्त गेलं की शिरेतून देतात, म्हणजे नसांमधलं पाणी टिकून राहतं."

"सडलेलो रस माणसाक घालतत?" आई म्हणाली. "तुझा शिक्षाण तुझ्याकडेच ठेव."

ठेवलं. बीएस्सी झाल्यावर आमच्याच बाजूच्या एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत लागले. नोकरी टेम्पररी. वडिलांची गिरणी संपात बसलेली, त्यामुळे घर माझ्यावर होतं. ही गोष्ट आमच्या सीनियर टेक्निशियनना, म्हणजे सरांना, पक्की ठाऊक होती. मुलींनी ट्यूबा धुवाव्यात आणि तोंड बंद ठेवावं, असं त्यांचं मत. ट्यूबा मी धूत होते.

एका दुपारी वरच्या वॉर्डातून फॉर्म आणि रक्ताचं सॅम्पल आलं. बाळंतीण होती, मूल सुखरूप, पण हिचं रक्त थांबेना. सरांनी तिच्या गटाच्या चार बाटल्या एकेक करून तिच्या सॅम्पलशी लावून पाहिल्या. चारही वेळा गुठळ्या दिसल्या.

"एकही जुळत नाही," ते म्हणाले. "नातेवाइकांना शहरातल्या पेढीत पाठव."

खिडकीशी तिची सासू उभी होती. सिंधुदुर्गाकडची, माझ्या आईसारखंच बोलणारी. "गो बाय, माझ्या सुनेक रगात गावतला मा?" तिने विचारलं. शहरात जाऊन यायचं म्हणजे संध्याकाळ. सुनेकडे तेवढा वेळ नव्हता.

मी न विचारता मायक्रोस्कोपला डोळा लावला. रक्तपेशींचा गोळा झालेला नव्हता. घासून रचलेल्या ताटल्यांसारख्या त्या एकावर एक, रांगेत चिकटल्या होत्या. कॉलेजात हे चित्र मी पाहिलं होतं. रक्तात डेक्सट्रान असलं की पेशी अशा चिकटतात आणि रक्त जुळत नाही असं वाटतं. म्हणून सॅम्पल आधी घ्यायचं आणि डेक्सट्रानची बाटली मग लावायची.

"सर, वर डेक्सट्रान चालू आहे का?"

"फॉर्मवर लिहिलंय का? नाही ना? मग नाही."

चुकीचं रक्त दिलं तर माणूस जातो, ही त्यांची भीती खरी होती. पण कागदावर नाही म्हणजे जगातच नाही, हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फॉर्म उचलला आणि निघाले.

"जागेवर बस! परत आलीस तर नोकरी असेल असं समजू नकोस."

"बघू," म्हणाले आणि जिना चढले.

वर स्टँडला डेक्सट्रानची बाटली, अर्धी संपलेली. खाटेवरची बाई पांढरीफटक. बोटं भातुकलीतल्या बाहुलीसारखी गार. डॉक्टर माझ्याच वयाचा असेल.

"सॅम्पल आधी घेतलं की बाटली आधी लावली?"

"बाटली. बीपी लागतच नव्हतं यार, काय करणार?"

"बाटलीने आत्तापर्यंत तगलीय ती. पण हे लिहा इथे. सही करा."

त्याने उभ्या उभ्या लिहिलं. धावत खाली आले, फॉर्म सरांपुढे ठेवला.

"आता लिहिलंय."

मी ट्यूब मशीनमध्ये फिरवली, वरचा द्रव काढून टाकला, त्या जागी सलाइन घातलं आणि पेशी हलक्या हाताने हलवल्या. खऱ्या गुठळ्या असत्या तर तशाच राहिल्या असत्या. या सुटल्या. स्लाइड बनवून त्यांच्याकडे सरकवली. सरांनी स्वतः पाहिलं, दुसऱ्या बाटलीशी पुन्हा करून पाहिलं आणि दोन बाटल्यांवर सही केली. वर मीच घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी मेमो आला. परवानगीशिवाय विभाग सोडल्याबद्दल लेखी खुलासा करावा व दिलगिरी व्यक्त करावी. नोकरी जाणार असं वाटून मला रात्रभर झोप आली नाही, हे कबूल करते. आईला सांगितलं तर तिने आधी विचारलं, "ती बाय जगली मा?" मग म्हणाली, "दिलगिरी कसली? लिव नको."

लिहिली नाही. वॉर्डातल्या प्रत्येक स्टँडला मात्र चिठ्ठी चिकटवली: आधी रक्त, मग बाटली. सरांनी त्या फाडल्या. मी परत चिकटवल्या. चौथ्या वेळी सिस्टरनी तेच वाक्य रंगाने भिंतीवर लिहून टाकलं. भिंत फाडता येत नाही.

खुलासा द्यायची मुदत आठवड्याची होती. शेवटच्या दिवशी ती बाई मूल कुशीत घेऊन, सासूच्या खांद्याला धरून हळूहळू फाटकाबाहेर गेली. मी खिडकीतून पाहिलं, आत आले आणि मेमोखाली लिहिलं: "खुलासा: पेशंट आज चालत घरी गेली." दिलगिरीची ओळ कोरी ठेवली. आजही ती कोरीच आहे.