डाग बघायला जमलेली माणसं

“या, या. बघा, जंगलातलं ऑपरेशन.”

डॉक्टरांनी कंपाउंडरला आत बोलावलं. औषधं विकायला आलेला एक माणूस दारात उभा होता, त्यालाही. आय टेबलावर बसलेली, ब्लाउज काढलेला. छातीवर विळा तापवून दिलेला डाग, अजून ओला. सगळे हसले. मी सातवीतली पोर, खाली बघत राहिले.

आयच्या छातीत गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून तिनं पावसाळाभर कुणाला सांगितलंच नाही. आमच्या तलासरीकडच्या डोंगरातल्या गावात गाठ आली की भगत डाग देतो. त्यानं दिला. मग दुखायला लागली, म्हणून आम्ही जीपनं त्या दवाखान्यात गेलो. गाठीला कुणी हातही लावला नाही.

“आधी भगताकडे गेलात ना? मग त्यालाच दाखवा.”

आयनं पदर घट्ट ओढला. “चल पोरी, घरा जाव. आता कोनाला नाय दाखवायचा.”

आणि तिनं खरंच दाखवलं नाही. पुढे गाठ फुटली. पुढच्या पावसात आवणीला ती सगळ्यांपासून लांब, बांधाच्या कडेला रोपं लावायची, वास कुणाला येऊ नये म्हणून. मला जवळ घेणंही सोडलं. भातकापणीला ती नव्हती.

अडाणी होती म्हणून मेली, असं लोक म्हणतात. होती अडाणी. पण ती डॉक्टरकडे गेली होती. हे कुणी सांगत नाही.

आता मी चिखले गावात चिकूच्या वाडीत कामाला जाते. मागे आंघोळ करताना काखेजवळ गाठ हाताला लागली. तीही दुखत नाही. सासू म्हणाली, भगताला बोलवू. मी म्हटलं, आधी डॉक्टर. वाडीतल्या बायकाही तपासून घ्यायला माझ्यासोबत निघाल्या.

दवाखाना दुसरा, डॉक्टर दुसरे. पण दार सताड उघडं, आणि आत एक माणूस फोनवर बोलत उभा.

“काढा ब्लाउज. लाजायला काय झालं?”

मला रडू फुटत होतं. तरी म्हटलं, “आधी त्यांना बाहेर पाठवा. दार लावा. नर्सबाईंना बोलवा. मग तपासा.”

“नखरे करायचे असतील तर घरी जा.”

“घरी नाही जाणार.”

बाहेर बाकावर बायका बसल्या होत्या. मी निघाले असते तर त्याही निघाल्या असत्या, आणि परत आल्या नसत्या. मी टेबलावरच बसून राहिले. बऱ्याच वेळानं नर्स आली, फोनवाला बाहेर गेला, दार लागलं, मग डॉक्टरांनी गाठ तपासली.

पुढची तपासणी बाकी आहे. भीती वाटते. आय फार आठवते. काय निघायचं ते निघो. कुणी कितीही हसू दे, तपासून घेतल्याशिवाय मी टेबलावरून उतरणार नाही. वाडीतल्या एकाही बाईला उतरू देणार नाही.