फळीवरचं अक्षर

फोनवर बोलताना हातात पेन असलं की माझे वडील वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एकच चित्र काढायचे. वर दोन आडव्या रेघा, खाली डावीकडे छोटंसं कुंपण, आणि उजवीकडून घसरत जाऊन शेवटी वर वळलेली एक लांब रेघ. आम्ही भावंडं त्याला झोपडी म्हणायचो. ती झोपडी नसून चिनी अक्षर आहे, हे मला तिशी उलटल्यावर अमेरिकेत कळलं. कळेपर्यंत मी जो गाढवपणा केला, तो आज सांगून टाकतो.

आधी बाबांचं सांगायला हवं. बाबा फौजेत होते. बासष्टच्या लढाईत ते चिन्यांच्या हाती सापडले आणि काही महिने कैदेत राहिले. आमच्याच वस्तीतला त्यांचा जिवलग मित्र त्यांच्याबरोबर होता. तिथल्या थंडीत तो न्यूमोनियाने गेला. जमीन गोठलेली, पहारेकरी घाई करणारे. बाबांनी आणि आणखी दोघांनी जेमतेम खड्डा खणून त्याला पुरलं. जागेला काहीतरी खूण हवी म्हणून बाबांनी एका फुटक्या पेटीची फळी उचलली आणि त्याच्या डोक्याशी रोवली. नाव लिहायला ना पेन्सिल होती ना वेळ. फळीवर काळ्या रंगात छापलेलं एक चिनी अक्षर तेवढं होतं.

बाबा सुटून गावी आल्यावर मित्राच्या बायकोने पहिला प्रश्न विचारला, "तिथं त्यांचं नाव लिहिलं का, भाऊजी?" बाबांच्या तोंडून "हो" निघून गेलं. पुढे दर भेटीत वहिनी तेच विचारायची आणि बाबा मान खाली घालून हो म्हणायचे. आपण मित्राच्या डोक्याशी काय लिहिलेलं रोवून आलो, शत्रू, चोर की एखादी शिवी, हे त्यांना माहीत नव्हतं. तीस वर्षं तो काटा आत सलत होता.

यातलं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. बाबा कैदेत होते एवढं माहीत होतं, आणि घरात चीनचं नाव निघालं की ते ताटावरून उठतात हे माहीत होतं. नागपुरात आमच्या चौकात पहिली चायनीजची गाडी लागली, तेव्हा आम्ही तिथे चोरून जायचो आणि परत येताना तोंडात बडीशेप कोंबायचो. यावरून मी सरळ हिशेब मांडला होता की, बाबांना चिनी माणूस डोळ्यासमोर नको.

आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी बाबांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आणलं. आम्ही तेव्हा न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहत होतो. मी एका संशोधन संस्थेत कामाला, बायको सकाळची गाडी पकडून न्यूयॉर्कला जायची. बाबा दिवसभर अपार्टमेंटमध्ये एकटे. आठवड्याभरातच त्यांनी भांडी इतकी लख्ख घासली की बायकोला लाज वाटू लागली. दुसऱ्या आठवड्यात ते परतीचं तिकीट कपाटातून बाहेर काढून पुन्हा पुन्हा तारीख बघू लागले.

आमच्या इमारतींच्या मधोमध एक तळं होतं. तिथे रोज सकाळी पासष्टीचे एक आजोबा संथपणे हातपाय हलवत कसरत करायचे. ते माझ्याच संस्थेत काम करणाऱ्या एका बाईंचे वडील, चीनमधल्या वूहान शहराहून आलेले निवृत्त शाळामास्तर. बाबांनी त्यांना खिडकीतून पाहिलं आणि मला विचारलं, "हे कोण रे?"

मी दचकलो. आता हे ताटावरून उठणार, थेट नागपूरपर्यंत, असं वाटलं. आणि मी म्हणालो, "जपानी आहेत."

बाबांचा चेहरा उजळला. आमच्या नागपुरात लहान पोरालाही जपानी भंतेजी, म्हणजे जपानहून येऊन इथलेच झालेले बौद्ध भिक्खू, माहीत. दीक्षाभूमीवर त्यांना पाहतच आम्ही वाढलो. जपानी म्हणजे बौद्ध, बौद्ध म्हणजे आपला माणूस, इतका सरळ मामला. दुसऱ्या दिवशी बाबा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून तळ्यावर गेले आणि आजोबांना हात जोडून कडक आवाजात "जय भीम" म्हणाले. आजोबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग डाव्या तळव्यावर उजवी मूठ टेकवून मान लववली. बाबा घरी येऊन मला म्हणाले, माणूस शिस्तीचा दिसून राहिला.

त्या दिवसापासून तिकीट कपाटात गेलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. इंग्रजी म्हणाल तर बाबांचं फौजी आणि आजोबांचं गुड मॉर्निंगपुरतं. तरी त्यांचं छान जमलं. आजोबा त्यांना कसरत शिकवायचे, बाबा त्यांना लाठी फिरवून दाखवायचे. कसरतीनंतर आजोबा झाडूच्या दांड्याला स्पंज बांधून, तो बादलीत बुडवून फुटपाथवर मोठी मोठी अक्षरं काढायचे. उन्हाने ती पाच-दहा मिनिटांत वाळून जायची आणि ते पुन्हा पहिल्यापासून लिहायचे. बाबा हाताची घडी घालून बघत उभे राहायचे. जपानी माणसाचं हस्ताक्षर काय सुंदर असतं, असं रात्री जेवताना आम्हाला ऐकवायचे. मी मुकाट्याने वरण ओरपायचो.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी मीही त्यांच्याबरोबर तळ्यावर होतो. आजोबांनी दोन अक्षरं काढली आणि बाबांनी एकदम त्यांचं मनगट धरलं. पहिल्या अक्षराकडे त्यांनी दोन-तीनदा बोट दाखवलं. मग त्यांनी आजोबांच्या हातातला दांडा घेतला आणि बाजूला तेच अक्षर स्वतः काढलं. ही तर आमची झोपडी होती. आजोबा खूश झाले. त्यांनी दांडा परत घेतला, बाबांच्या अक्षरावर उजवीकडे वर एक टिंब दिलं, आणि आता बरोबर झालं अशी मान हलवली.

बाबा ते टिंब वाळेपर्यंत तिथेच उभे राहिले.

घरी आल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. हे अक्षर जपानीतही असतं का, असं विचारलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी खाली बघत सांगितलं की ते जपानी नाहीत, चिनी आहेत. तुम्हाला राग येईल म्हणून खोटं बोललो.

मी आरडाओरड्याची तयारी ठेवली होती. पण बाबा म्हणाले, "राग कशाचा रे? तीस वर्षं झाली, मी एक चिनी माणूस शोधून राहिलो. आणि तू मला दोन महिने त्याच्यासोबत मुका ठेवलास."

मग त्यांनी मला पहिल्यांदा ती फळी सांगितली. टिंब त्यांना कधी दिसलंच नव्हतं, कारण फळीचा वरचा कोपरा तुटलेला होता. चीनचं नाव निघालं की ताटावरून का उठायचे, तेही सांगितलं. वहिनीला दिलेलं उत्तर आठवायचं आणि घास उतरायचा नाही. मला इतकी शरम वाटली की मी उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसलो. ते डोक्यावरून हात फिरवत राहिले, आणि त्याने तर मला जास्तच रडू आलं.

आता दुसरी कबुली शिल्लक होती. सोमवारी मी संस्थेच्या पार्किंग लॉटमध्ये त्या बाईंना गाठून सगळं सांगितलं. आपल्या वडिलांना जपानी ठरवल्याचं ऐकून त्या आधी हसल्या, मग त्यांनी गाडीचं उघडलेलं दार पुन्हा लावलं. म्हणाल्या, हे तेवढं माझ्या वडिलांना सांगू नका. जपानी फौज आमच्या शहरात शिरली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. भलं करायला जाऊन मी किती म्हाताऱ्यांचा घोळ घालून ठेवला होता, ते तेव्हा नीट कळलं. बाईंनी आम्हाला रविवारी सकाळी घरी बोलावलं.

बाबा कोट घालून गेले, ऑगस्टमध्ये. बरोबर एक नवी वही. आजोबांनी गरम पाणी आणि सूर्यफुलाच्या बिया समोर ठेवल्या. त्यांची मुलगी चिनीतून इंग्रजीत सांगणार आणि मी इंग्रजीतून मराठीत, अशी साखळी ठरली. बाबांनी लगेच मुद्द्याला हात घातला नाही. आधी अक्षराची चौकशी केली, रीतसर, गावात सोयरीक करायच्या आधी करतात तशी.

अक्षराचा उच्चार वू. अर्थ लढण्याशी, पराक्रमाशी जोडलेला. आजोबा जुने मास्तर, फळा नसला तरी रंगात आले. त्यांच्या शहराच्या नावात पहिलं अक्षर तेच, वूहान. सकाळची कसरत ज्या कुळातली ते वूशू, त्यातही तेच. योद्धा वूशी, शस्त्रं वूछी. प्राचीन काळी एक बाई स्वतः सम्राट होऊन गादीवर बसली, तिचं आडनावही तेच. बाबा एकेक शब्द देवनागरीत उतरवून घेत होते आणि खाली नंबर टाकत होते.

मग आजोबांनी घरातली गोष्ट सांगितली. दोन मुलगे झाले की थोरल्याच्या नावात विद्येचं अक्षर आणि धाकट्याच्या नावात वू, अशी पुष्कळ घरांत रीत. थोरले ते स्वतः, म्हणून मास्तर झाले. धाकटा भाऊ वू, तो शिंपी झाला आणि जन्मभर कोंबडीलाही घाबरला. यावर बाबा इतक्या मोठ्याने हसले की बाईंच्या हातातला कप हिंदकळला. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर त्यांनी वही मिटली. फळी सांगितली. मित्र, थंडी, फुटकी पेटी, तुटलेला कोपरा, सगळं. मराठीतून इंग्रजीत आणताना मी दोनदा अडखळलो. चिनीत सांगताना मुलीचाही आवाज बारीक झाला. शेवटी बाबांनी विचारलं, "मेलेल्या माणसाच्या डोक्याशी हे अक्षर असलं, तर वाचणारा काय वाचेल?"

आजोबांनी पाण्याचा कप बाजूला सरकवला, बाबांच्या वहीचं कोरं पान उघडून मधोमध ते अक्षर पेनाने सावकाश काढलं, आणि त्याकडे बघत बोलू लागले. मुलगी थांबत थांबत सांगत होती.

"पेटीवर ते शस्त्रांसाठी छापलेलं असणार. पुढचं अक्षर तुटलेल्या भागात गेलं. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण आमच्याकडे मोठा पराक्रमी राजा मेला की त्याला मेल्यानंतरचं एक नाव द्यायचे. ते नाव जिवंतपणी कुणाला मिळत नसे. पुष्कळ राजांना हे एकच अक्षर मिळालं आहे. कबरीशी ते वाचणारा पेटीचा विचार करणार नाही. तो म्हणेल, हे याचं नाव आहे."

मी ते मराठीत केलं. शेवटचं वाक्य बाबांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. मग ते उठले, डाव्या तळव्यावर उजवी मूठ टेकवली आणि आजोबांपुढे वाकले. आजोबाही उठले आणि त्यांनी हात जोडले. मुलगी आणि मी दोघांच्या मध्ये उगाच उभे होतो.

घरी परतताना तळ्याजवळ बाबा थांबले. त्या वर्षी बदकांनी तो फुटपाथ अगदी घाण करून टाकला होता. बाबा म्हणाले, नागपुरात आता रात्र झाली असेल, पण वहिनी जागी असेल, फोन लावून दे. वहिनी तेव्हा नागपुरात मुलाकडे राहत होती.

मी फोन लावून दिला आणि स्वयंपाकघरात गेलो. बाबांनी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, नातवंडांची केली, इकडचे टोमॅटो कसे बेचव असतात ते सांगितलं. आपणहून तो विषय काढला नाही. फोन ठेवायच्या बेताला नेहमीचा प्रश्न आला असावा, कारण बाबांनी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. मी दारातून डोकावलो. वर्तमानपत्र समोर होतं, हातात पेन होतं, पण त्यांनी काही काढलं नव्हतं. मान वर होती.

"हो वहिनी," ते म्हणाले, "त्याचं नावच आहे तिथं."