दामाजीच्या मांड्यांचा रिपोर्ट

दामाजी कोळी चेंदणी कोळीवाड्यातला, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला. वय चव्वेचाळीस. गुडघा दुखतो असं सांगून त्याने दोन महिने दुसऱ्या मजल्यावर पाण्याची एक कळशी चढवली नव्हती. ते काम बायको सगुणा करायची.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमध्ये जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या लेथवरचा पंढरी म्हणाला, "तुम्ही होडीत बसणारी माणसं. पायात काय दम असणार?"

दामाजीने डबा बंद केला, पँट दुमडली आणि तीनशे बैठका मारल्या. शेवटच्या वीस तर फोरमनने मोजल्या.

दुसऱ्या दिवशी तो जिना उलटा उतरला. "गुडघा," त्याने सगुणाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मांड्या सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली. तेव्हा मात्र घाबरून तो हेमा डॉक्टरांकडे गेला. त्यांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं.

रिपोर्ट आणायला मेव्हणा गोमाजी गेला. लॅबवाला म्हणाला, "सीपीके अडतीस हजार! दोनशेच्या आत पाहिजे. हार्टवाल्यांचा वाढतो हा."

गोमाजीने एवढंच ऐकलं. तासाभरात चौघांनी दामाजीला खुर्चीसकट उचलून डॉक्टरांकडे आणलं. दामाजीची बहीण मंजुळा वाटेपासून रडत होती. दामाजीलाही आता छातीत काहीतरी वाटायला लागलं होतं. "माझं नवं जाळं तू ठेव," तो गोमाजीला म्हणाला. गोमाजी लगेच हो म्हणाला, ते दामाजीला आवडलं नाही.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. तो स्वच्छ होता.

"हृदयही स्नायूच, म्हणून गोंधळ होतो," त्या म्हणाल्या. "पण यांच्या मांड्यांचे स्नायू फाटलेत. आतली प्रोटीनं रक्तात सांडलीत. सीपीके त्यातलंच एक. दुसरं लालसर असतं, ते लघवीत उतरलंय. मूत्रपिंडात अडकलं तर महागात पडेल. आत्ताच अ‍ॅडमिट व्हा. काय केलंत एवढं?"

दामाजी गुडघा चोळायला लागला.

"दामाजीराव?"

"तीनशे बैठका."

मंजुळाचं रडणं थांबलं. सगुणा पुढे आली. "अवो, आणि गुडघा?"

"तो... मध्येच बरा झाला."

तीन दिवस सलाईन चढलं, दामाजी तांब्यावर तांबे पाणी प्यायला. लघवीचा रंग उतरला की तो भेटायला आलेल्यांना बाटली दाखवायचा. पंढरी माफी मागायला शहाळं घेऊन आला, बाटली बघून दारातूनच परतला.

आठवड्याने आकडा दोन हजारांवर आला. दामाजीचं तोंड पडलं. अडतीस हजार त्याने अख्ख्या कोळीवाड्यात सांगितला होता.

"अहो, उतरायलाच हवा!" डॉक्टर म्हणाल्या.

दीड महिन्याने रिपोर्ट नॉर्मल आला. "स्नायू भरून आलेत," त्यांनी सांगितलं. "हळूहळू व्यायाम वाढवलात तर पुढच्या वेळी इतकं फाटणार नाही."

"म्हणजे चारशे चालतील?"

सगुणाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"वीस," दामाजी म्हणाला. "वीसच म्हणत होतो मी."