चांगोच्या मशीनची सैल मूठ

कुंभिवलीच्या हायवेला चांगोचं चहाचं हॉटेल. सत्त्याऐंशी साली त्यानं तिथं मुंबईहून जुनं व्हिडिओ गेमचं मशीन आणून बसवलं. पडद्यावर काळोखा बंगला, पळणारा एक माणूस आणि मागं हडळ. मूठ फिरवून माणूस वळवायचा, एवढाच खेळ. लोक जांभया देत खेळायचे. हडळीला कोणी भीक घालेना!

मग मुठीखालची स्प्रिंग ढिली पडली. हात डावीकडं गेला तरी माणूस जरा थांबून वळायचा, तेवढ्यात हडळ मानेशी! धट्टेकट्टे ट्रक ड्रायव्हर घामाघूम होऊन ओरडायला लागले. चांगोला बरोब्बर कळलं. माणूस हडळीला भीत नाही, आपला हात आपलं ऐकत नाही याला भितो. मेल्यानं स्प्रिंग दुरुस्त करायची सोडून आणखी सैल केली. कोणी किंचाळला की गल्ल्यावर पोट धरून हसायचा.

त्याची लेक मैना लग्नाची. आधीची स्थळं बापाच्या जिभेपायी फिरलेली. शेलूचा हिरू मात्र तिला मनापासून आवडला होता, त्यालाही ती. आज सुपारी फुटायची होती.

"आबा, आज कुनाची थट्टा नको. तुला माजी आण हाय."

"नाय गं, येडी का काय!"

मंडळी आली. सुपारीचं ताट मांडलं. हिरूची नजर मशीनवर गेली. बंद हाय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण गिऱ्हाइकं डोळे मिचकावत होती, आणि चांगोची जीभ वळवळली.

"बसा की जावईबापू, शेलूची मर्दुमकी बगू!"

हिरूनं मूठ दाबून धरली, फिरवली, पुन्हा फिरवली. माणूस वळेना. "आई गं!" करून तो स्टुलावरून मागं कोसळला. हॉटेल खदखदलं. सगळ्यांत मोठ्यानं चांगो हसला, वर नक्कलही केली, "आई गं! आई गं!"

हिरूचा बाप उठला. ताटातली सुपारी उचलून त्यानं खिशात टाकली. "जावयाची आजच ही गत, तर उद्या काय? चल रं." हिरू कपडे झटकत गेला. दारातल्या मैनेकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

सगळे पांगल्यावर चांगो पाना घेऊन मशीनपाशी बसला आणि स्प्रिंग आवळायला लागला. मैनेनं त्याच्या हातातून पाना काढून घेतला.

"राहू दे, आबा. मी आता हितंच हाय जलमभर. तुला हसायला कायतरी लागंलच ना?"