काकांच्या छपरावरचा बर्फ

आमचे काका बोटीवर होते. ते एका थंड देशात उतरले आणि तिथेच राहिले. एकदा त्यांचं पत्र आलं. घराच्या उबेने छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी कडेला येऊन पुन्हा गोठतं, त्याचा बांध होतो आणि मागे तुंबलेलं पाणी थेट अंथरुणावर गळतं. काही उपाय असेल तर कळवा.

बर्फ आम्ही फक्त मासळीच्या पेटीत पाहिला होता. पण वडिलांना सगळं समजलं. आमच्या पन्हळीत फणसाची पानं अडकून दर पावसात हेच व्हायचं. उपाय मात्र त्यांना एकच ठाऊक. नारळ घेऊन ते देवळात गेले आणि मानकऱ्याकडून गाऱ्हाणं घालून घेतलं.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराच्या घरार बर्फ साचता, पाणी भितूर येता, त्याचो बंदोबस्त कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," जमलेले सगळे म्हणाले.

तेव्हा मे महिना होता आणि पत्र बोटीने यायला अडीच महिने लागले होते, हे कुणी मोजलं नाही. पुढे काकांनी कळवलं, बर्फ गेला. आषाढात पडवीत बसून वडिलांनी ते वाक्य तीनदा वाचून दाखवलं.

गळक्या कौलाखालचं पातेलं बदलता बदलता आई थांबली. तिने शिडी आणून भिंतीला लावली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, हेंका एकदा शिडयेर चढव रे म्हाराजा."

आम्ही भावंडं एका सुरात ओरडलो, "होय म्हाराजा."