मागे उभा राहायचा तो कासम

कासम गेल्याचा फोन सुनेने घेतला. मी अंगणात सुतळीचा गुंता सोडवत बसलो होतो. ती दारात येऊन उभी राहिली आणि नुसतं म्हणाली, "आबा, रोह्याचा फोन होता..." मी सुतळी हातात तशीच धरून विचारलं, "माती कंदी हाय?" तर दुपारच्या नमाजानंतर. आमच्या जिते गावाहून रोह्याला जाणारी रेल्वे तेवढ्यातच गेली होती, तिचा भोंगा मी माझ्या कानांनी ऐकला होता. मग रिक्षाने पेण, पेणहून एसटी, आणि वडखळला ती एसटी जी उभी राहिली ती राहिलीच. पुढे ट्रक, मागे ट्रक, अलिबागला मजा मारायला निघालेल्यांच्या गाड्या मध्ये आडव्या. मी उतरून चालायला लागलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, रोह्याला काय चालत जाताव?" मी म्हटलं, "जाईन." बराच पुढे गेलो तेव्हा मागून तीच एसटी आली, कंडक्टरनेच हात देऊन मला वर घेतलं. रोह्यात पोचलो तर मय्यत घरातून निघालेली. रस्त्यात खांदा द्यायला मिळाला, कबरीवर माती टाकायला मिळाली. तोंड बघायला मिळालं नाही.

हे लिहायला बसलो त्याचं कारण तेवढंच. माझी शाळा चौथीत सुटली. नात म्हणते, आबा तुम्ही सांगा, मी लिहिते. नको. कासमचं मी दुसऱ्याच्या हाताने लिहिणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ छापणाऱ्यांनी बघावं. तो गेल्याला काही आठवडे झालेत आणि मला त्याचा चेहरा आठवेनासा झालाय. डोळे मिटले की त्याचा चट्ट्यापट्ट्याचा शर्ट येतो, गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा येतो, चालताना डावा खांदा पडायचा तो येतो. मध्ये चेहऱ्याच्या जागी नुसता धूर. ज्याच्याबरोबर जन्म काढला त्याचं नाक कसं होतं ते मला सांगता येत नाही. मी घाबरलोय, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मी मंडपवाला, तो फोटोवाला. पेणपासून रोह्यापर्यंतच्या गावांत लग्न कुणाचंही असो, हिंदूचं किंवा मुसलमानाचं, खांब माझे आणि फोटो कासमचे. आमची ओळख भांडणातून झाली. एका लग्नाचा अल्बम त्याने मला कौतुकाने दाखवला. नवरी पुढे लख्ख, आणि तिच्यामागे मी दिवसभर शिडीवर चढून लावलेल्या दिव्यांच्या माळा सगळ्या फुगून, विरघळून गेलेल्या. मी म्हटलं, "माज्या माळांचे वडे केलंस रं तू." तो रागावला नाही. अल्बम माझ्या नाकाशी धरून म्हणाला, "वडे तर वडे. पण नीट बग, गोल हायेत का? का कडेला चेपलेत?" मी बघितलं. मधले गोल होते, कोपऱ्यातले लिंबाच्या फोडीसारखे चेपलेले. "चेपलेत," मी म्हटलं. "मंग तुला डोलं हायेत," तो म्हणाला. "मांडववाल्याला नसतात."

तिथून मला त्याने ह्या नादाला लावलं. आमच्याकडे हळद लागते ती ओटीवर. ओटी हातभर, त्यात नवरीला धरून दहा-बारा बाया, फोटोवाल्याला मागे सरकायला भिंत आडवी, आणि उजेड म्हणाल तर माझे दोन बल्ब. तिथे जवळून सगळं आत घेणारी वाइड लेन्स लागते, आणि तीही अशी की तोंड पूर्ण उघडलं की अंधारातला उजेड पिऊन घेईल. पण एवढी उघडली की जे नेमकं पकडलंय तेवढंच स्पष्ट राहतं, मागचं धूसर होतं. त्या धूसरपणाला ते लोक ब्लर म्हणतात. कासमचं म्हणणं असं की लांबची लेन्स मागचं पार पुसून टाकते, साबणाने धुतल्यासारखं, त्यात कसली परीक्षा. "वाइडला पुसताच येत नाय," तो म्हणायचा. "मांडव, पंगत, रुसलेली आत्या, समदं मागं उभं ऱ्हातं. ते नुसतं मऊ व्हतं. कसं मऊ व्हतं, ते बगायचं." दिव्याचा गोळा भाकरीसारखा सपाट, मऊ हवा. कडेने बांगडी दिसली की लेन्स कडक. गोळ्यात कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं दिसली की नको. माझ्या एका बांबूचे मागे दोन बांबू दिसायला लागले, गवताच्या काडीला जोडकाडी फुटली, तर ती लेन्स त्याच्या भाषेत 'भांडखोर'. बघणाऱ्याला पुढच्या माणसाकडे बघूच देत नाही, मागून ओरडत राहते.

पण ही सगळी पहिली परीक्षा. खरी परीक्षा त्याची स्वतःची होती, ती मी दुसऱ्या कुणाकडे बघितली नाही. त्याचा मेव्हणा दुबईत होता. तिकडून किंवा मुंबईच्या बाजारातून, नवी-जुनी कुठलीही वाइड लेन्स हातात आली की मला फोन. "मॉडेल, ये." मी रोह्याला जायचो. दिवस मावळायच्या सुमाराला नदीच्या घाटावर त्याच्या घरातलं लोखंडी स्टूल टाकायचं, त्यावर मी. कॅमेरा तिपाईवर, माझ्या तोंडापासून हातभर. एवढ्या जवळून वाइड लेन्सने माणसाचं काय होतं ते ज्याचं झालंय त्यालाच ठाऊक. "नाक जित्यात आणि कान रोह्यात," कासम म्हणायचा. माझ्या पापणीवर नेम धरायचा आणि ताकीद द्यायचा, "हलू नको. मागं वळू नको. तू सुतभर हललास की नेम गेला." मग टायमर लावून तो स्वतः पळत माझ्यामागे जायचा आणि घाटावरच्या खांबाशी उभा राहायचा. त्याच्याही मागे पलीकडे धाटावच्या कंपन्यांचे दिवे, शिफ्ट सुटली असेल तर दुचाक्यांची रांग. मला मागून त्याच्या चपला ऐकू यायच्या, चटक चटक चटक, मग थांबायच्या, मग कॅमेरा वाजायचा. मी कधी वळलो नाही. खांब रोवल्यासारखा बसायचो, म्हणून तर मला बोलवायचा.

फोटो घेऊन आम्ही घरी जायचो. जैबून भाभी, कासमची बायको, चुलीपाशी असली तर पिठाच्या हातांनी यायची. कासम कॅमेऱ्याची चिमुकली काच तिच्यापुढे धरायचा आणि विचारायचा, "मागं कोण हाय?" तिने बघताक्षणी "तुमी" म्हटलं की लेन्स पास. तिने डोळे बारीक केले, मान पुढे काढली, की नापास, मग लेन्स कितीही महागाची असो. एकदा एका भारी लेन्सचा फोटो बघून ती म्हणाली, "हा माजा धाकटा भाव काय?" कासमने दुसऱ्या दिवशी ती लेन्स परत धाडली. "बायकोला नवरा वळखू येत नाय असला ब्लर मला नको," म्हणाला. मी म्हटलं, "भाभी मुद्दाम करत आसेल. भाव दिसायला बरा हाय." त्यावर ती आतून म्हणाली, "हिराजीभाव, तुमचं नाक आवरा आदी."

मला आता सांगायचंय ते हे. इतकी वर्षं, इतक्या लेन्सा, आणि सगळ्या फोटोंत पुढे मी. माझ्या पापणीचा केस न् केस मोजून घ्या. कासम मागे, धूसर. लग्नात तो कॅमेऱ्यामागे, म्हणजे फोटोत नाहीच. घरात कुणी मोबाइल उचलला की पंजा आडवा. आधारकार्डावर एक आहे, मुलीने मला दाखवला, पण त्यात त्याला बघून भाड्याची खोलीसुद्धा कुणी देणार नाही, तो कासम नाही. बाकी काही नाही. त्यांच्याकडे भिंतीवर मयताचा फोटो लावून हार घालत नाहीत, त्यामुळे घरात कुणाला ह्याची टोचणी नाही. ती मलाच आहे. मी वळलो नाही, मी तोंड बघायला वेळेत पोचलो नाही, आणि माझ्याकडे पिशवी भरून फोटो आहेत त्यांत सगळीकडे मीच... माझं हे तोंड घेऊन मी काय करू?

शेवटची भेट अशी झाली. त्याला आधीपासूनच धाप लागायची. मुलगी म्हणायची, अब्बा आता बस करा. लग्नाची कामं गेलीच होती, माझीही गेली होती. पोरांचे मोबाइल आता मागचं आपोआप धूसर करतात, कातरीने कापल्यासारखं, कधी नवरीचा कानसुद्धा कापतात. तरी मेव्हण्याने दुबईहून एक चोवीस एमएमची वाइड लेन्स पाठवली आणि कासमने फोन केला, "मॉडेल, ये." घाटावर मी बसलो. तिपाईचे पाय उघडताना तो दोनदा दम खायला थांबला. मी म्हटलं, "आज ऱ्हाव दे." म्हणाला, "गप बस. हलू नको. मागं वळू नको." टायमर लावला आणि निघाला. चपला ऐकू आल्या, पण पळत नव्हत्या. एक... मग एक... मग थांबल्या. कॅमेरा वाजला. तो वाटेतच होता. खांबापर्यंत पोचलाच नव्हता. फोटोत त्याची पाठ आली, एक हात खांबाकडे पुढे केलेला. मी म्हटलं, परत घेऊ. तो काचेत बघत राहिला. "गोळे बग," म्हणाला, "काय मऊ हायेत. लेन्स चांगली हाय." भाभी त्या दिवशी मुलीकडे गेलेली, म्हणून तिची परीक्षा राहिली. "आली की दावतो," म्हणाला. दाखवायची राहिलीच. कॅमेरा पेटीत गेला आणि तो अंथरुणावर.

माती झाल्यावर काही दिवसांनी त्याच्या मुलीने, रुखसानाने, मला तो फोटो काढून दिला. मी पेणला एका दुकानात मोठा करायला टाकला. दुकानातला तरुण म्हणाला, "बाबा, मागचा ब्लर काढून देऊ? आता तोंड पण बनवून मिळतं." मी आधी नाही म्हटलं. घरी आलो. रात्रभर तळमळलो आणि सकाळी पुन्हा गेलो, पिशवीतला एक जुना फोटो दिला, ज्यात तो समोरून उभा आहे. म्हटलं, बनव. खोटं कशाला बोलू, माझी आशा होती. त्याने बनवला. सरळ दात, मोठे डोळे, गालाला पावडर लावल्यासारखा कुठला तरी नवरदेव. मी विचारलं, "हा कोण?" तो म्हणाला, "तुम्हीच सांगा ना बाबा, तुमचा माणूस." आणि मला सांगता आलं नाही की कासम ह्याच्याहून वेगळा कुठे होता. हा नाही, एवढंच कळत होतं. तिथून बाहेर पडलो आणि स्टँडवर बसून राहिलो. एसटी आल्या, गेल्या. तो नवरदेव तिथेच फाडून टाकला, नाहीतर उद्या डोळे मिटल्यावर तोच आला असता.

मग पाठीचा तो फोटो घेऊन रोह्याला गेलो. भाभी इद्दतीत बसलीय, म्हणजे नवरा गेल्यावर काही महिने ती परक्या पुरुषासमोर येत नाही. मला भाऊ म्हणत आली तरी त्या हिशेबात मी परकाच. ती पडद्याआड बसली, मी बाहेरच्या खोलीत, कॅमेऱ्याची तिपाई ठेवली होती त्या कोपऱ्यात. रुखसानाने फोटो आत नेला. मला वाटत होतं मी काही विचारणार नाही, पण तोंडातून आलंच, "भाभी, मागं कोण हाय?"

मी पडद्याच्या खालच्या कडेकडे बघत राहिलो. मग तिने सावकाश विचारलं, "दम लागला व्हता?"

"व्हय," मी म्हटलं. "पोचला नाय."

"पाट आलीय नुसती."

"मला त्याचं तोंड आठवत नाय गो भाभी," मी म्हटलं. आयुष्यात कुणापुढे असं बोललो नव्हतो. वाटलं ती सांगेल. नाक असं होतं, भुवई अशी होती. चाळीस वर्षं समोर बसून जेवलेली बाई. ती म्हणाली, "मला पण नाय येत, हिराजीभाव. पाट येते." रुखसाना पडद्यापाशी उभी होती, ती आत निघून गेली. फोटो परत आला नाही. मीही मागितला नाही.

उठताना ते लोखंडी स्टूल दिसलं. रुखसानाला म्हटलं, घेऊन जाऊ का घाटावर, परत आणून ठेवतो. तिने मान हलवली. घाटावर जाऊन मी ते नेहमीच्या जागी टाकलं, नेहमीच्या बाजूला तोंड करून बसलो. समोर तिपाई नाही, कॅमेरा नाही, तरी हातभर अंतरावर नजर लावली. मागे पलीकडे धाटावची शिफ्ट सुटली असणार, गाड्यांचे आवाज येत होते. अंधार पडत आला. हलू नको म्हणाला होता, मी हललो नाही. मागं वळू नको म्हणाला होता. माणसं घाटावरून चपला वाजवत जात-येत होती, मी कान देऊन बसलो होतो, त्यांतल्या कुणाच्या चपला खांबाशी थांबतात का ते ऐकत.

एकही थांबली नाही. तरी मी वळलो नाही. अजून पोचला नसेल.