ड्रायव्हरशेजारचा सोमवार

आमच्या घरात माझं बोलणं दहाने भागून ऐकायची पद्धत होती. मी म्हणालो, उल्हासनगरला एका रिक्षात चाळीस माणसं बसली होती, की दादा पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "म्हणजे चार." मी म्हणालो, क्लासला दोनशे पोरं झाली, की वहिनी पोळी उलटता उलटता म्हणायच्या, "वीस. बरी आहेत की." मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मीही हिशेब धरूनच बोलायचो. चार माणसं दिसली की चाळीस सांगायची, म्हणजे भागाकार होऊन त्यांच्या पदरात बरोबर चारच पडायची. इतका प्रामाणिक थापाड्या अख्ख्या बदलापुरात दुसरा नसेल.

एकच गोष्ट त्यांनी भागली नाही. तिथेच सगळं बिघडलं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कॉल सेंटरचं असं वारं सुटलं होतं की ज्याला नीट 'हॅलो' म्हणता येतं त्याला रस्त्यातून उचलून नोकरीला लावतात, असं लोक सांगायचे. मी संधी साधली आणि उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या खोलीत, स्पोकन इंग्लिशचा क्लास काढला. खाली शिलाई मशिनं. ती एकदम सुरू झाली की वरच्या फळ्यावरची अक्षरं आपोआप गळून पडायची. मागच्या नाल्यात जीन्सचा रंग सोडायचे. त्यात हात बुडवला तर कोपरापर्यंत जीन्स घालून बाहेर यायचा.

माझं इंग्रजी म्हणाल तर मी बी.कॉम., तेही दुसऱ्या दमात. इन, ऑन, ऍट, टू, फॉर हे जे बारके बारके शब्द असतात, ते कुठे लावायचे हे मला कानाने कळायचं. का लावायचे, ते बापजन्मी कळलं नव्हतं. पण मशिनच्या खडखडाटात विचारणार कोण? कुणी 'का सर?' म्हणालंच तर मी नुसते ओठ हलवायचो आणि खाली बोट दाखवायचो. पोरं समजून जायची.

घरी, बदलापुरात कात्रपला, मशिनं नव्हती. आणि घरी वहिनी होत्या.

वहिनी मराठी शाळेतून दहावी. पण इंग्रजीला घाबरायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गॅसवाला सिलेंडर द्यायला टाळाटाळ करायला लागला, तेव्हा त्यांनी त्याच्या साहेबाला फोनवर सुनावलं होतं, "यू सिलेंडर गिव्ह! आय टू डेज स्टॅन्डिंग!" संध्याकाळी सिलेंडर दारात. बँकेच्या मशिनने कार्ड गिळलं तेव्हा काचेवर टकटक करून म्हणाल्या, "युवर मशीन माय कार्ड ईटिंग." मॅनेजर स्वतः उठून बाहेर आला. त्या इंग्रजीत इन नव्हतं, ऑन नव्हतं, काहीच नव्हतं, आणि सगळी कामं होत होती.

मग मुलीच्या शाळेचं निघालं. माझी पुतणी साडेतीन वर्षांची झाली होती आणि दादाच्या मनात एक इंग्रजी शाळा भरली होती. दादा अंबरनाथच्या एमआयडीसीत सुपरवायझर. हाताखाली शिकून गेलेली तीन पोरं त्याच्या डोक्यावर साहेब होऊन बसली होती, केवळ मीटिंगमध्ये तोंड उघडता येतं म्हणून. "माझं झालं ते झालं," तो म्हणायचा, "पोरीचं नाही होऊ द्यायचं." पण त्या शाळेत पोरांच्या आधी आईबापांची मुलाखत घ्यायचे, इंग्रजीत. आणि जास्त प्रश्न आईला.

"भाऊजी," वहिनी शंभर पानी वही घेऊन समोर बसल्या, "दीड महिना आहे. मला नीट शिकवा. तुमच्या पोरांना शिकवता तसं."

पहिल्याच दिवशी विचारलं, "सोमवारला ऑन, सकाळला इन आणि रात्रीला ऍट. का?"

मी सवयीने ओठ हलवले. खाली बोट दाखवणार, तर खाली आमच्याच घरातली फरशी.

"आपल्यात कसं बरं आहे," वहिनी म्हणाल्या, "घरात, घरावर, घराला. गुपचूप शेपटीसारखं मागे चिकटतं. यांचं आधीच येऊन उभं. पाहुणा यायच्या आधी पाहुण्याची बॅग. काहीतरी कारण असेल ना?"

'माहीत नाही' हे दोन शब्द मी तेव्हा म्हणालो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी सर होतो. मी त्यांची वही ओढली आणि तिच्यात शेअर रिक्षा काढली.

"बघा वहिनी. मागे आत तिघं बसलेत, ते इन. पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या बुडावर टेकलेला चौथा, तो ऑन. आणि रिक्षा जिथे थांबते तो नाका, ऍट. सकाळ कशी, ऐसपैस, तिच्यात तिघं मावतात. इन द मॉर्निंग. सोमवार एकटा माणूस, ड्रायव्हरशेजारी. ऑन मंडे. रात्री रिक्षाच मिळत नाही, नाक्यावर उभं राहावं लागतं. ऍट नाइट."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्याकडे अशा आदराने पहिल्यांदाच बघितलं.

"अगंबाई. हे पुस्तकात का नाही लिहीत?"

मी खांदे उडवले. पुस्तकवाल्यांना काय कळतंय, अशा थाटात.

मग मला आवरेना. बसमध्ये आत बसतात तरी ऑन का? तर लोक लटकून जातात म्हणून. लग्नाला विथ न लावता टू का? कारण विथ म्हणजे बरोबर, आणि लग्नात एकालाच दुसऱ्याच्या घरी जावं लागतं. "खरंय हो," म्हणून वहिनींनी ते लाल शाईने लिहिलं. दीड महिन्यात वहीत दहा नियम झाले. दादासुद्धा पेपर खाली ठेवून ऐकायचा. मी कान टवकारून वाट बघायचो की आता कुणीतरी म्हणेल, 'म्हणजे एक.' कुणी म्हणालं नाही.

मुलाखतीला मीही गेलो. बाहेर बाकावर बसलो, दार अर्धवट उघडं. आत टेबलापलीकडे मुख्याध्यापिका मॅडम, अलीकडे दादा, वहिनी आणि मधल्या खुर्चीत पुतणी पाय हलवत. मॅडम चांगली बाई होती. हसून विचारलं, "व्हेअर डज युवर डॉटर प्ले?"

मी बाकावरच अर्धा उठलो. सोपा प्रश्न. आधीच्या वहिनींनी 'बिल्डिंग, पार्किंग, फुल डे, नॉट कमिंग होम!' असं म्हणून मॅडमला हसवलं असतं.

वहिनींनी मान खाली घातली. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि त्याची बोटं हलत होती. तीन बोटं मागे, एक पुढे. पुन्हा तीन मागे, एक पुढे. मला बाहेरून स्पष्ट दिसलं. पार्किंग कुठल्या सीटवर बसवायचं ते त्या शोधत होत्या.

मॅडम थांबल्या. भिंतीवरचं घड्याळ इतकं मोठ्याने वाजत होतं की अंबरनाथपर्यंत ऐकू गेलं असेल. दादा म्हणाला, "यस मॅडम, प्लेइंग गुड." मॅडमनी दुसरा प्रश्न विचारला, मुलीसोबत घरी काय करता. तीन मागे, एक पुढे. तिसरा प्रश्न मॅडमनी बिचारीने हिंदीत विचारला, ज्या हिंदीत वहिनी कॅम्पातल्या सिंधी दुकानदारांना अर्ध्या भावावर आणायच्या. वहिनी तेही विसरल्या.

पुतणीला दया आली असावी. ती मॅडमना म्हणाली, "मम्मी बोटांची रिक्षा करते."

मॅडमनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं.

आत शिरून 'मॅडम, यांची चूक नाही, ही रिक्षा माझी आहे' असं म्हणायला मी दहा पावलांवर होतो. भागायचं असेल तर भागा, एका पावलावर होतो. उठलो नाही.

आठवड्याने बोर्डावर यादी लागली. तीनदा वाचली. पुतणीचं नाव नव्हतं. परतताना दादा पुढे चालत राहिला, एकटाच. वहिनी मला म्हणाल्या, "तुम्ही एवढं डोकं फोडून शिकवलंत. माझंच डोकं कमी पडलं."

त्यानंतर त्या इंग्रजीत एक शब्द बोलल्या नाहीत. पुतणी घराजवळच्या बालवाडीत जायला लागली. गॅसवाल्याने पुन्हा टाळाटाळ केली तर वहिनी मला म्हणाल्या, "तुम्हीच करा फोन. माझं चुकेल." मी फोन केला. अगदी बिनचूक बोललो. सिलेंडर पाच दिवसांनी आला.

तेव्हा ठरवलं की आता सांगून टाकायचं. रविवारी दुपारी वहिनी स्वतःच ती वही घेऊन आल्या. "भाऊजी, सिनियर केजीला दोन-चार जागा निघतात म्हणे. पुन्हा पहिल्यापासून घ्या."

"वहिनी," मी म्हणालो, "ती रिक्षा मी बनवली. सगळं बनवलं. इंग्रजीत असा नियमच नाही. मलाच माहीत नाही ते शब्द का लागतात. ते सगळे दहाच्या दहा नियम थापा आहेत."

आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट होती तेवढीच सांगितली होती.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच हसल्या. "मला बरं वाटावं म्हणून सांगताय ना?"

"नाही हो! खरंच सगळे..."

"दादा, ऐकलंत का," त्यांनी आत हाक दिली. घरात दादाला त्याही दादाच म्हणायच्या. "भाऊजी म्हणतात दहाच्या दहा नियम खोटे."

आतून पेपराची घडी मोडल्याचा आवाज आला. "म्हणजे एक."

"तेच म्हटलं मी." वहिनी निवांत झाल्या. लाल पेनाचं टोपण काढलं, वही माझ्यासमोर सरकवली. "एखादा चुकतो माणसाचा. कोणता तो सांगा, खोडते. उगीच सगळ्याला नावं कशाला ठेवायची?"

मी रिक्षाकडे बघितलं. चित्र चांगलं जमलं होतं, तिन्ही चाकं गोल होती. मी आणखी दोनदा सांगितलं. आई-बाबांची शपथ घेतली. जितकं जोरात सांगावं तितकं ते भागलं जात होतं. शेवटी मी थकलो आणि बोट ठेवलं, ड्रायव्हरशेजारच्या चौथ्या माणसावर.

वहिनींनी त्याच्यावर पट्टीने दोन सरळ रेघा मारल्या. रिक्षा एकदम मोकळी मोकळी दिसायला लागली. समाधानाने मान हलवून त्यांनी नवीन पान उघडलं, तारीख घातली आणि पेन धरून माझ्याकडे बघत थांबल्या.

"मग आता सोमवारला काय लावायचं?"